पाच जण औलीला गेलो, तिघं स्कीइंग शिकलो

नवरात्रातली पाचवी माळ होती, १९ ऑक्टोबर २०२३. सासूबाई देवाजवळ माळ बांधत होत्या आणि मी सकाळी आठच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसले होते. रेल्वेचं आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं आणि आम्हाला १६ फेब्रुवारीची दिल्ली–हरिद्वार शताब्दी हवी होती. त्या गाडीला एवढी घाई करावी लागत नाही, हे मला पुढे कळलं. पण त्या सकाळी पाच तिकिटं हातात आली आणि घरात जाहीर झालं की आपण बर्फात जाणार.

आम्ही पुण्याचे. घरात मी, नवरा, तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा धाकटा आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. वय ६८, बीपीची गोळी चालू. कुणीही याआधी पडलेला बर्फ पाहिलेला नव्हता. गुलमर्ग मोठं आणि गजबजलेलं, तिथे आपण हरवून जाऊ असं वाटलं. औली लहान आहे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर, साधारण २५०० ते ३००० मीटर उंचीवरचा एक उतार, त्याच्या कडेने काही हॉटेलं, एक चेअरलिफ्ट (तारेवरून वर नेणाऱ्या खुर्च्या), संपलं. मुलं नजरेआड होणार नाहीत एवढाच पसारा. आईंना बद्रीनाथला जायचं होतं, पण ते देऊळ नोव्हेंबरात बंद होतं. मी त्यांना सांगितलं की हिवाळ्यात बद्रीची पूजा खाली जोशीमठच्या नृसिंह मंदिरात होते. त्या म्हणाल्या, "मग देव खाली येतोय तर आपण वर जायला काय हरकत आहे?" आईंचं तिकीट असं निघालं.

एक प्रश्न मात्र मनात राहिला होता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना भेगा पडल्या, लोकांना घरं सोडावी लागली. अशा गावावरून मजा करायला जायचं का? हरिद्वारच्या ज्या टॅक्सीवाल्याशी बोलणं झालं होतं त्याला मी हे सरळ विचारलं. तो म्हणाला, "दीदी, आप नहीं आओगे तो हम खाएँगे क्या?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच खचण्यामुळे जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे तेव्हापासून बंद होता. जुने फोटो पाहून कुणी रोपवेची स्वप्नं बघत असेल तर आधी चौकशी करा. आम्ही रस्त्यानेच जायचं असं धरून चाललो आणि त्यामुळे आमची निराशा झाली नाही.

नोव्हेंबरात विम्याचं प्रकरण झालं. आमच्या प्रवास विम्यात "साहसी खेळ" असं ठळक छापलं होतं. पान उलटल्यावर बारीक अक्षरात वगळलेल्या गोष्टींची यादी, आणि त्यात हिवाळी खेळ. फोनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई भेटल्या. वेगळा हप्ता भरून ते जोडता येतं म्हणाल्या, पण ६५ वर्षांवरच्यांना नाही. आई स्कीइंग करणार नाहीत, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. शेवटी चौघांचं जोडलं, ईमेलवर लेखी मागून घेतलं. तोंडी "हो मॅडम, कव्हर आहे" यावर थांबू नका.

शिकायचं कुठे, याचे दोन मार्ग होते. गढवाल मंडल विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात आणि ज्याला खरंच स्कीइंग करायचंय त्याने तेच करावेत. आमच्याकडे एवढी रजा नव्हती. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी धरून जेमतेम आठवडा जमवलेला. म्हणून तिथल्याच एखाद्या शिकवणाऱ्याकडे रोजच्या हिशेबाने शिकायचं ठरवलं.

मग जानेवारी उजाडला आणि बर्फच पडेना. आख्खा जानेवारी २०२४ हिमालयात कोरडा गेला. बातम्यांत गुलमर्गचे उघडे, तपकिरी उतार दिसत होते. मी रोज रात्री झोपण्याआधी औलीचे ताजे व्हिडिओ शोधायचे आणि त्यात गवत बघून झोपायचे. हॉटेलवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, "आएगी, आएगी." खोल्यांचे निम्मे पैसे भरलेले, रद्द केले तर परत मिळणार नव्हते. नवऱ्याने हिशेब मांडला की बर्फ नसेल तर हे आयुष्यातलं सगळ्यात महाग गवत ठरेल. जानेवारी संपता संपता आभाळ फिरलं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या माणसाने एक फोटो पाठवला: हॉटेलचा जिना, वरच्या चार पायऱ्याच दिसतायत. आमच्या अनुभवावरून सांगते, डिसेंबरात नाताळ साधून जाण्यापेक्षा फेब्रुवारी धरा, आणि पैसे परत मिळतील अशी खोली मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या.

डॉक्टरांनी आईंना तपासून सांगितलं की चालेल, पण एका दिवसात वर चढू नका, पाणी पीत राहा, धाप लागली तर खाली उतरा. म्हणून आम्ही जोशीमठला एक रात्र ठेवली. ते १९०० मीटरच्या आसपास आहे, वर जाण्याआधी शरीराला जरा सवय होते.

१५ ला पुण्याहून दिल्लीचं विमान, १६ ला सकाळची शताब्दी, दुपारी हरिद्वार. तिथून टॅक्सी. जाताना ७,५०० आणि येताना ८,०००, हे आधी ठरवून घेतलेलं. ऋषिकेशनंतर रस्ता गंगेचा हात धरून चढतो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात, इथून पुढे खाली तिला गंगा म्हणतात. एक पाणी हिरवं, एक मातकट, आणि बरंच अंतर दोन्ही एकमेकांना हात न लावता चालतात. आईंनी गाडी थांबवायला लावली. रुद्रप्रयागला रात्र काढली. दुसऱ्या दिवशी कर्णप्रयाग, नंदप्रयाग. वाटेत जागोजाग नव्या रेल्वेच्या बोगद्यांची कामं. ऋषिकेश ते कर्णप्रयाग १२५ किलोमीटर रेल्वे येतेय. धाकट्याला दोनदा उलटी झाली. ओव्याची पुरचुंडी आणि जाड पिशव्या हाताशी ठेवा. मागच्या डिकीत ठेवलेल्या औषधाचा काही उपयोग नसतो, हे मी नंदप्रयागच्या आधीच्या वळणावर शिकले.

जोशीमठला दुपारी तीनला पोहोचलो. नृसिंह मंदिरात गर्दी अजिबात नव्हती. आईंनी पुण्याहून खण-नारळ आणला होता, तो पुजाऱ्यांच्या हाती दिला आणि बराच वेळ डोळे मिटून बसून राहिल्या. बाहेर पडताना एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत गेलेली भेग दिसली. सिमेंटने बुजवलेली, पण दिसणारी. कुणी काही बोललं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार. जोशीमठहून औली रस्त्याने चौदा-पंधरा किलोमीटर. आमच्या टॅक्सीने वर जायला नकार दिला आणि त्याचं बरोबरच होतं. पुढच्या वळणांवर बर्फ गोठून काच झालेला. स्थानिक जीप केली, चाकांना साखळ्या बांधलेली, २,००० रुपये. मुलांनी पहिला बर्फ पाहिला तो रस्त्याच्या कडेला ढीग करून टाकलेला, काळपट, डिझेल लागलेला. लेक म्हणाली, "हे असं असतं?" दोन वळणांनंतर देवदारांच्या फांद्या वाकलेल्या दिसल्या आणि ती गप्प झाली.

आता मुख्य गोष्ट. स्कीइंगमध्ये पडायची भीती वाटते, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर आधी बुटांची भीती बाळगा. भाड्याच्या दुकानात एका बाकावर आम्हा तिघांना बसवलं. नवऱ्याचा गुडघा जुना दुखावलेला, तो आधीच प्रेक्षकांत गेला होता. समोर एक छापील अर्ज आला: नाव, वय, वजन, पती किंवा पित्याचं नाव, आणि खाली इंग्रजीत एक लांबलचक वाक्य, ज्याचा अर्थ "काही झालं तर आम्ही जबाबदार नाही". मुलांचे अर्ज वेगळे, त्यावर पालकाची सही. अनामत म्हणून आधार कार्ड मागितलं. मी लायसन्स दिलं, मूळ आधार देऊ नका. वजन खरं लिहा. बूट स्कीला, म्हणजे पायाखालच्या लांब पट्टीला, जिथे अडकतो तो खटका किती जोर आल्यावर सुटायचा, हे वजन, उंची आणि वयावरून लावतात. मी लाजून पाच किलो कमी लिहिलं होतं. दुकानातल्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं, आकडा खोडला आणि बरोबर पाच वाढवून लिहिला.

बूट म्हणजे प्लास्टिकचा माठ. टाच आत उतरता उतरत नाही. नडगीवर पुढे झुकलेला, बाहेरून चार खटके, आत जाड अस्तर. आकार सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे घरून पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून न्या. पहिल्या दिवशी एक बूट चढवायला मला सतरा मिनिटं लागली. युक्ती अशी की खालचे खटके ढिले ठेवून उभं राहायचं, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची, गुडघे पुढे वाकवायचे, मग आवळायचं. मोजा एकच घालायचा, लोकरीचा, आणि त्याला चुणी पडू द्यायची नाही. मी थंडीच्या भीतीने दोन घातले होते. तासाभरात पायाला मुंग्या आल्या. धाकट्याला दुकानाने एक माप मोठा बूट दिला आणि "चलेगा" म्हणून वाटेला लावलं. नाही चालला. आतल्या आत पाऊल सरकत होतं, स्की एकीकडे आणि मूल दुसरीकडे. अर्ध्या तासाने परत जाऊन बदलून आणला. उभं राहून पुढे झुकल्यावर टाच उचलली जातेय का, हे दुकानातच बघून घ्या, मागे कितीही रांग असली तरी.

सामान माणशी रोजचे ८००, शिकवणारा तिघांना मिळून दिवसाचे २,४००. घासाघीस करून इथवर आलं. तीन दिवसांचे १४,४०० झाले. शिवाय जाड कोट-पँट भाड्याने ४,५००. वॉटरप्रूफ हातमोजे मात्र स्वतःचे न्या. भाड्याचे हातमोजे आतून ओले असतात.

शिकवणारा मुलगा जोशीमठचाच, पंचविशीचा. आम्हाला उताराच्या अगदी पायथ्याशी, जवळजवळ सपाट जागी नेलं. वर स्पर्धांचा मोठा उतार दिसत होता. २०११ चे दक्षिण आशियाई हिवाळी खेळ इथे झाले होते. कडेला कृत्रिम बर्फ उडवायच्या तोफा उभ्या होत्या. मी मान वर करून तिकडे बघत होते तर तो म्हणाला, "मैडम, उधर मत देखो. पहले गिरना सीखो."

आणि खरंच आधी पडायला शिकवलं. मागे बसायचं नाही, हात मागे टेकवायचा नाही, मनगट जातं. कुशीवर, डोंगराच्या बाजूला, कमरेवर लोळण घ्यायची. पडणं सोपं होतं. उठणं जमेना. दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या, मग हाताने ढकलून उठायचं. स्कीची टोकं उताराकडे असतील तर उठता उठता माणूस निघून जातो. मी पाच वेळा अशी निघून गेले. धाकटा पाठीवर पडून, पाय वर करून, उलट्या झुरळासारखा हात हलवत होता आणि खदखदून हसत होता. शिकवणारा त्याला काही न करता म्हणाला, "हो गया? अब उठ." आणि तो उठला. मुलांचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असतो, शिवाय त्यांना अब्रू नसते.

मग थांबणं. पुढची टोकं जवळ, मागचे शेपटे दूर, स्कीचा उलटा व्ही करायचा, टाचा बाहेर ढकलायच्या. याला स्नो प्लाऊ म्हणतात. वेग कमी होतो, ढकललं तर थांबतो. सगळं शिक्षण या एका आकारात आहे. शरीर मात्र भीतीने मागे रेलतं आणि मागे रेललं की स्की ऐकत नाही. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून धरायची. बूट एवढा छळवादी का बनवलाय, ते मला तिथे कळलं. आमच्या या छोट्या उतारावर वर जायला लिफ्ट नाही, आडव्या स्कीने एकेक पाऊल चढायचं. दहा फूट चढायला पाच मिनिटं, खाली यायला चार सेकंद. थंडीची सोय आपोआप होते. मी आतून घामाने भिजले होते, म्हणून आत सुती बनियन नको, ते ओलंच राहतं.

दुपारी नवरा आणि आई चेअरलिफ्टने वर जाऊन आले. ८०० मीटरची आहे, स्की न करणाऱ्यांनाही नेतात. तिकिटाच्या रांगेत पाऊण तास गेला. आई वर जाऊन चहा पिऊन आल्या, धाप लागली नाही. आल्यावर म्हणाल्या, "वरनं तू दिसत होतीस. बसलेलीच दिसत होतीस."

१९ तारखेला शिवजयंती. सकाळी उतारावर नाशिककडच्या मुलांचा एक गट भगवा घेऊन आला आणि घोषणा सुरू झाल्या. "जय भवानी" ऐकल्यावर माझ्या तोंडून सवयीने "जय शिवाजी" निघालं, हात वर गेला, तोल गेला आणि पडले. पण त्या दिवशी काहीतरी जुळलं. लेक सलग तीन वळणं घेऊन खाली आली. मी एक. दुपारी ढग उतरले, समोरचं झाड दिसेना, आणि बर्फ पडायला लागला. आवाज नसतो त्याला. पाऊस कसा पत्र्यावर कळतो, हा कळतच नाही. धाकटा जीभ बाहेर काढून उभा राहिला.

२० तारखेला आम्ही खोलीतच. रात्रभर बर्फ, वीज गेलेली, नळ गोठलेला. हॉटेलने जनरेटर फक्त संध्याकाळी दोन तास लावला. बुकिंग करताना "चोवीस तास गरम पाणी" म्हणाले होते. बादल्यांत बर्फ वितळवून घेतला. फोनच्या बॅटऱ्या थंडीने तासाभरात बसत होत्या, ते अंथरुणात, पोटाशी धरून ठेवावे लागले. मुलांची भांडणं, माझं डोकं दुखणं, नवऱ्याचा "मी म्हटलं होतं" असा चेहरा. आईंनी पत्ते काढले. दिवसभर बदाम सात. त्या दिवशी स्कीचं भाडं दुकानदाराने लावलं नाही, पण तसं पहिल्याच दिवशी पावतीवर लिहून घेतलेलं होतं म्हणून. एक दिवस हवामानाला देऊनच जा. आमचा २१ चा दिवस हातात नसता तर आम्ही चिडूनच परत आलो असतो.

२१ ला पहाटे आईंनी मला हलवून उठवलं. खिडकीची काच हाताने पुसली तर आभाळ स्वच्छ, आणि समोर नंदादेवी. ७८१६ मीटर. टोकाला ऊन लागलं होतं आणि खाली आम्ही अजून अंधारात. चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने सांगितलं की नंदा म्हणजे गढवालची लेक, कैलासाला सासरी जाते, आणि बारा वर्षांनी तिला वाजतगाजत पोचवायला सगळं गाव निघतं. आई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गौरीसारखीच." मग पिशवीतून कुंकवाची डबी काढून त्यांनी खिडकीच्या लाकडी चौकटीवर बोट टेकवलं. हॉटेलवाल्याला नंतर काय वाटलं असेल कोण जाणे.

त्या दिवशी ताज्या बर्फावर आम्ही शेवटचे चार तास शिकलो. ताजा बर्फ मऊ, पडलं तरी लागत नाही, पण स्की रुतते. मी छोट्या उताराच्या वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत, न पडता, दोन वळणं घेऊन आले. अंतर असेल आमच्या सोसायटीच्या गेटपासून मागच्या जिन्यापर्यंत. बाजूने सात वर्षांची एक स्थानिक मुलगी, हातात काठ्याही न घेता, मला ओलांडून गेली. खाली शिकवणाऱ्याने टाळी दिली आणि लगेच घड्याळ बघितलं. त्याचे पुढचे गिऱ्हाईक आले होते.

सामान परत करताना प्रत्येक स्कीच्या कडा हात फिरवून तपासल्या. एका ओरखड्याचे ५०० मागितले. पहिल्या दिवशी नवऱ्याने सगळ्या सामानाचे फोटो काढून ठेवले होते, ते दाखवल्यावर विषय संपला. प्रेक्षकाचाही उपयोग असतो. लायसन्स परत मिळालं. २२ ला खाली उतरलो, रात्र ऋषिकेशला, २३ ला गाडी, पुणे. पाच जणांचा, विमानासकट, एकूण खर्च साधारण १ लाख ६५ हजार झाला. त्यातले ५५ हजार विमानाचे, ३६ हजार औलीच्या चार रात्रींच्या दोन खोल्यांचे. सगळीकडे रेल्वेने गेलात तर बराच वाचेल, रजा तेवढी जास्त लागेल.

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून काळंनिळं आहे. उतारावर बुटात पाऊल पुढे सरकतं आणि वाढलेलं नख आतून आपटत राहतं, तीन दिवस. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांची नखं कापा. मी मुलांची कापली होती.